शहरासाठी आठवड्यातला एक वार

पुण्याच्या सहकारनगरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे आहे. त्यातला मुख्य भाग असा :

"मी ५९ वर्षांची आहे. शनिवार पेठेत वाढले, महापालिकेच्या शाळेत शिकले, कॉलेजला सिटी बसच्या पासवर गेले, बाळंतपण ससूनमध्ये झाले. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. घरी सासूबाई असल्यामुळे दिवसभर बाहेर राहता येत नाही, पण आठवड्यातून तीन-चार तास नक्की निघतात. या शहराने मला जे दिले त्याची थोडी तरी परतफेड करावी, असे मनापासून वाटते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तळजाईच्या टेकडीवर वृक्षारोपणाला गेले होते. पुढच्या एप्रिलमध्ये जाऊन पाहिले, तर बहुतेक रोपे वाळून गेली होती. मुलगा म्हणतो, 'आपण मिळकतकर वेळेवर भरतो, आयकर भरतो, मग आणखी काय देणे लागतो?' मोठी देणगी देण्याची माझी ऐपत नाही. माझ्यासारखीने रोजच्या जगण्यात करावे असे नेमके काय आहे? आणि अशा किरकोळ कामाचा शहराला खरोखर उपयोग होतो, की ते केवळ आपल्या मनाचे समाधान असते?"

सप्रेम नमस्कार.

उपयोग होतो, पण एका अटीवर, आणि ती अट तुमच्या पत्रातच लपलेली आहे. ती रोपे वाळली, याचे कारण लावणाऱ्यांच्या मनात प्रेम कमी होते असे नाही. जुलैमध्ये शंभर माणसे टेकडीवर आली आणि मार्चमध्ये एकही फिरकले नाही, एवढेच त्याचे कारण आहे. शहराला एका दिवसाच्या उत्साहाची वाण कधीच नसते. ठरलेल्या दिवशी, कोणी पाहत असो वा नसो, न चुकता येणारी माणसे मात्र नेहमीच कमी पडतात. म्हणून माझा सल्ला थोडक्यात असा आहे की, कामांची मोठी यादी करू नका. आठवड्यातला एक वार शहरासाठी नेमून द्या आणि तो सांभाळा.

पुण्याला ही रीत नवी नाही. कोकणातून आणि देशावरून शिकायला आलेली गरीब मुले एकेकाळी या शहरात वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरे ठरलेले असत. कोणत्याही एका घराने त्या मुलाचा सगळा भार उचलला नाही, पण प्रत्येक घराने आपला वार पाळला आणि त्यावर कितीतरी मुलांची शिक्षणे पुरी झाली. या रीतीची मर्यादाही विसरता येत नाही : तो उंबरा जातीने आखलेला होता आणि बहुसंख्य मुलांना तो कधी ओलांडताच आला नाही. ती आखणी मोडणारे पुणेकरही याच शहरात होते. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुला केला. तो हौद काही मोठी संस्था नव्हता, घरचे रोजचे पाणी होते. वार लावून घेण्यातला नेम आणि त्या हौदामागची समदृष्टी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर तुम्ही विचारलेल्या परतफेडीचा पाया तयार होतो.

आता तुमच्या दारापासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त करण्यासारखे तिथेच आहे. तुमच्या इमारतीत रोज सकाळी कचरा घ्यायला ज्या ताई येतात, त्या बहुधा 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद असतील. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे कचरावेचकांच्या मालकीची ही संस्था निघून २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. तुमच्या घरचा सुका कचरा या ताई स्वतःच्या हातांनी निवडतात. म्हणजे आपण ओल्या भाजीच्या देठांत मिसळलेली दुधाची पिशवी कोणीतरी हाताने वेगळी करत असते, आणि वर्तमानपत्रात न गुंडाळता टाकलेला सॅनिटरी पॅड किंवा डायपरही कोणाच्या तरी हाताला लागतो. सॅनिटरी कचरा कागदात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, फुटलेली काच, वापरलेल्या सुया आणि ब्लेड वेगळ्या डब्यात घालून तसे सांगून द्यावे, दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या विसळून वाळवून द्याव्यात. घरात वयस्क सासूबाई आहेत, त्यामुळे औषधांच्या पट्ट्या, कदाचित इन्सुलिनच्या सुया आणि प्रौढांचे डायपरही असतील; तुमच्या घरापुरता हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. याला दिवसाकाठी पाच मिनिटेही लागत नाहीत.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही मला इथेच सापडते. तो कर वेळेवर भरतो हे उत्तमच आहे, आणि शहराचे पहिले देणे तेच आहे, याबद्दल वाद नाही. पण करातून गाडी येते, रस्त्याचा दिवा येतो, कर्मचाऱ्याचा पगार निघतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन डबे ठेवण्याचे काम कोणत्याही करातून विकत घेता येत नाही. वर्षानुवर्षे आपण सरमिसळ कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पाठवत राहिलो. तिथल्या गावकऱ्यांनी दुर्गंधी सोसली, विहिरींचे पाणी खराब झालेले पाहिले आणि शेवटी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे आपल्या पेठांमध्ये वर्गीकरणाची चर्चा सुरू झाली. कर भरल्याची पावती त्या विहिरीच्या मालकाला दाखवून उपयोग नव्हता.

ओला कचरा घरीच जिरवता आला तर फारच चांगले. तळाशी आणि बाजूने भोके पाडलेली जुनी बादली घ्या, खाली वाळलेल्या पाल्याचा किंवा कोकोपीटचा थर द्या, भाजीची देठे बारीक चिरून टाका आणि प्रत्येक वेळी वर मूठभर पाला पसरा. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली आहे असे समजून पाल्याचे प्रमाण वाढवा. दीड-दोन महिन्यांत खत तयार होऊ लागते. पाला विकत आणण्याची गरज नाही. सहकारनगरच्या झाडांखाली तो पुरेसा पडतो आणि दुर्दैवाने पुष्कळदा जाळला जातो. तो पेटवण्याऐवजी पोत्यात भरून ठेवायला सोसायटीच्या माळीमामांना सांगितले, तर सकाळी फिरायला जाणाऱ्या दम्याच्या रुग्णांवरही उपकार होतील. गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण किंवा सौरऊर्जा यांची व्यवस्था प्रत्यक्ष चालू ठेवणाऱ्या मिळकतींना महापालिका करात ५ ते १० टक्के सवलत देते. सोसायटीच्या सभेत ही गोष्ट सांगून पाहा. पर्यावरणाच्या भाषणाने जे सभासद हलत नाहीत, ते बिलातल्या सवलतीने हलतात, आणि त्यात वाईट काही नाही.

त्या ताईंबद्दल आणखी थोडे सांगायला हवे. त्यांचे महिन्याचे शुल्क मागण्याची वेळ न आणता द्यावे, त्यांना नावाने हाक मारावी, उन्हाळ्यात पाणी विचारावे, सोसायटीत लिफ्ट वापरू द्यावी आणि वॉचमनसाठी असलेले स्वच्छतागृह त्यांनाही खुले करावे. आजही कित्येक इमारतींमध्ये ही शेवटची गोष्ट नाकारली जाते. सहा मजले चढून-उतरून शंभर घरांचा कचरा नेणाऱ्या बाईला त्याच इमारतीत लघुशंकेला जागा नसावी, हे मला फार लागते. तुमच्या सोसायटीत तसे असेल, तर बाकीची सगळी कामे बाजूला ठेवून आधी हे एक काम तडीस न्या.

आता टेकडीकडे वळू. तुमची निराशा मला समजते, पण तळजाई सोडू नका. रोप लावणे हा झाडाच्या संगोपनाचा सर्वांत सोपा भाग आहे. पहिले दोन-तीन उन्हाळे काढणे अवघड असते, कारण आपल्या टेकड्यांवर माती उथळ आहे आणि खाली काळा पाषाण आहे. म्हणून नवी रोपे लावण्याऐवजी लावलेली जगवा. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत, ठरलेल्या वारी, पाच लिटरचा एक कॅन घेऊन जायचे आणि चार-पाच रोपांची जबाबदारी घ्यायची. अनेक ज्येष्ठ नागरिक रोजच्या फिरण्याबरोबर हे काम शांतपणे करत असतात. त्यांच्यात सामील झालात, तर तुम्ही न जाणाऱ्या दिवशी दुसरे कोणी पाणी घालेल. रोपाभोवती आळे करून त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की ओल टिकते. खोड जाड झाल्यावर लोखंडी जाळी किंवा तार सालीत रुतू लागते. अशी झाडे दिसली की वन विभागाच्या किंवा उद्यान विभागाच्या कर्मचाऱ्यांना दाखवा.

नवे लावायचेच असेल, तर जमिनीची ओळख असलेल्यांना विचारून पळस, पांगारा, सालई, बारतोंडी, मोई अशी इथलीच झाडे निवडा. पुण्याच्या टेकड्या एकेकाळी भराभर हिरव्या करण्याच्या घाईत गिरिपुष्प या परदेशी झाडाने भरून टाकण्यात आल्या, आणि त्याच्या सावलीत इथल्या झाडाझुडपांना आणि पाखरांना फारसे काही उरले नाही. मोकळा गवताळ उतार पाहून 'इथे काहीच नाही' असेही समजू नये. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच घरटी करतात. त्या गवतात खड्डे खणणे म्हणजे कोणाच्या तरी घरात खणणे होय. फेब्रुवारीनंतर तेच गवत एका विडीच्या थोटकाने पेटते. धूर दिसताच अग्निशमन दलाला फोन करणे आणि वाटेवरच्या बाटल्या, वेष्टने उचलून खाली आणणे, एवढे कोणत्याही वयाच्या माणसाला जमते.

सेवेच्या नावाखाली चालणाऱ्या एका गोष्टीपासून मात्र दूर राहा, ती म्हणजे चौकात कबुतरांना दाणे टाकणे. त्यांच्या विष्ठेतून आणि पिसांतून फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात, आणि त्या भागात राहणाऱ्या वृद्धांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो.

तुम्ही सहकारनगरला राहता, म्हणून आंबील ओढ्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. कात्रजकडून येऊन मुठेला मिळणारा हा ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये शिरला, आणि अनेकांचे जीव गेले. पाऊस भयंकर होता हे खरेच. पण ओढ्याच्या पात्रात वर्षानुवर्षे पडत गेलेला राडारोडा आणि आक्रसत गेलेली वाट यांमुळे पाण्याला जायला जागा उरली नाही, हेही तितकेच खरे. घराचे नूतनीकरण करताना फोडलेल्या फरशा आणि विटा ठेकेदार कुठे नेणार आहे, हे विचारणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. स्वस्तातला टेम्पो बहुधा रात्री ओढ्याकाठीच रिकामा होतो. तुमच्या ओळखीत कोणाचे काम निघाले, तर एवढे विचारायला लावा. मे महिन्यात तुमच्या गल्लीतल्या पावसाळी गटारांच्या जाळ्या एकदा चालत जाऊन पाहा. जिथे पाला आणि प्लॅस्टिक अडकले आहे तिथले छायाचित्र घेऊन, चौक आणि घर क्रमांकाची खूण लिहून, महापालिकेच्या ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. काम झाल्याचे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय 'निराकरण झाले' या संदेशावर समाधान मानू नका. झाले असेल, तर ज्या कर्मचाऱ्यांनी ते केले त्यांचे आभार मानायला विसरू नका.

मुठेचे पाणी पुढे भीमेतून उजनी धरणात जाते आणि सोलापूरकर ते पितात. गणपतीत शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करून ती माती मूर्तिकारांकडे परत पोहोचवणे आणि निर्माल्य खताच्या बादलीत घालणे, हे म्हणूनच आपल्या शहरापलीकडचेही काम आहे.

याच क्षेत्रीय कार्यालयात आणखी एक गोष्ट करता येते, जी फार थोड्या पुणेकरांना माहीत आहे. २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागासाठी छोटी कामे सुचवावीत आणि त्यांचा अंदाजपत्रकात विचार व्हावा, अशी व्यवस्था पुणे महापालिकेने सुरू केली. मोडलेला पदपथ, छप्पर नसलेला बसथांबा, अंधाऱ्या बोळातला दिवा, भाजी मंडईजवळ महिलांसाठी स्वच्छतागृह, अशी कामे त्यातून सुचवता येतात. अर्ज साधारणपणे पावसाळ्यात मागवले जातात, म्हणून ऑगस्टमध्ये धनकवडी-सहकारनगर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन चौकशी करा. नोकरीत तुम्ही आयुष्यभर अर्ज वाचले आणि लिहिले असतील. नेमकी जागा, नेमकी गरज आणि किती लोकांना उपयोग होईल हे नीट लिहिलेला अर्ज कसा असतो, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. शेजारच्या वस्तीतल्या बायकांनाही विचारा. त्यांना दिव्याची गरज आपल्यापेक्षा जास्त असते आणि अर्जाची वाट कमी ठाऊक असते.

आता ज्या वाराविषयी मी सुरुवातीला लिहिले, तो खऱ्या अर्थाने माणसांसाठी कसा वापरता येईल ते सांगतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुले-मुली खोल्या वाटून राहतात. शेतकऱ्यांची, शेतमजुरांची मुले आहेत ती. त्यांच्या मेसला बहुधा रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, आणि त्या रात्री कित्येक जण वडापाव किंवा बिस्किटांवर भागवतात. ओळखीतून, अभ्यासिकेच्या संचालकांमार्फत खात्री करून, दोन मुलींना दर रविवारी संध्याकाळी जेवायला बोलावता येईल. वरण-भात, पोळी-भाजी पुरे. त्यांच्यासाठी वेगळे पक्वान्न करू नका, म्हणजे तुम्हाला ते वर्षभर निभावता येईल आणि त्यांनाही संकोच वाटणार नाही. जात, गाव, गुण यांची चौकशी करायची नाही, आणि अभ्यास कसा चालला आहे हेही दर वेळी विचारायचे नाही. घरात सासूबाईंशी बोलायला तरुण माणसे येतील, हा लाभ वेगळाच. घरी बोलावणे अवघड वाटले, तर विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था आहेत. ही समिती १९५५ पासून ग्रामीण भागातील होतकरू विद्यार्थ्यांना पुण्यात निवासाचा आणि भोजनाचा आधार देते आहे. तिथे पैशांइतकेच वेळेचेही मोल आहे. एखाद्या मुलाला मुलाखतीची तयारी करून देणे किंवा इंग्रजी वाचून घेणे हेही दानच आहे.

तुम्हाला वाचनाची आवड आहे, असे पत्राच्या भाषेवरून वाटते. कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे, आणि महाविद्यालयांमध्येही दृष्टिहीन विद्यार्थी शिकत आहेत. त्यांना पाठ्यपुस्तके, विशेषतः मराठीतली संदर्भपुस्तके, वाचून दाखवणारे आणि ध्वनिमुद्रित करून देणारे आवाज हवे असतात. हे काम सासूबाईंच्या शेजारी बसून दुपारी घरीच करता येते. परीक्षेसाठी लेखनिक होण्याची इच्छा असेल, तर आधी नियम विचारून घ्या. अनेक परीक्षांमध्ये लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा कमी असावे अशी अट असते, त्यामुळे तिथे तुमच्यापेक्षा सोसायटीतला नववीचा मुलगा किंवा मुलगी अधिक उपयोगी पडेल. त्यांना या कामाची ओढ लावणे तुमच्याकडून होऊ शकते. एकदा होकार दिला की मात्र परीक्षेच्या दिवशी कोणत्याही कारणाने न जाणे अक्षम्य आहे, कारण त्या दिवशी दुसऱ्याचे वर्ष आपल्या हातात असते.

यातले सगळे करू नका. कचऱ्याचे काम रोजचे आहे, ते घरातच बसते. त्याखेरीज एकच गोष्ट निवडा : टेकडीचे पाणी, रविवारची पंगत किंवा वाचन. तिला एक वार द्या आणि पहिले सहा महिने दुसरे काही हाती घेऊ नका. नवी संस्था काढण्याचा, गट स्थापन करण्याचा विचारही तूर्त बाजूला ठेवा. आधीपासून काम करणाऱ्यांना एक भरवशाचे माणूस मिळाले तर जास्त हवे असते. ज्या आठवड्यात सासूबाईंची तब्येत बिघडेल, त्या आठवड्यात तसे कळवून घरी थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि मुलाशी वाद घालू नका. त्याला एवढेच विचारा की, रक्त देशील का? १८ ते ६५ वर्षांच्या निरोगी माणसाला ते देता येते. पुरुषांना तीन महिन्यांच्या आणि स्त्रियांना चार महिन्यांच्या अंतराने. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, शिबिरे थांबतात, लोक गावी जातात, आणि रक्तपेढ्यांमधला साठा उतरतो; थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र मे महिन्यातही रक्त लागतेच. ज्या ससूनमध्ये तुमचे बाळंतपण झाले, तिथल्या रक्तपेढीत तो मेच्या पहिल्या आठवड्यात जाऊन आला, तर कराच्या पावतीचा प्रश्न त्याच्याशी पुन्हा बोलायला हरकत नाही. तुम्हालाही, वजन आणि हिमोग्लोबिन योग्य असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर, अजून काही वर्षे रक्तदान करता येईल. त्या दिवशी दोघे बरोबरच जा.